कुंडीतला वाफसा : घरातल्या झाडांसाठी माती आणि निचरा

मराठवाड्यातले माझे आजोबा मृगाचा पाऊस पडला म्हणून लगेच तिफण बाहेर काढत नसत. दोन दिवस थांबायचे. मग रानात जाऊन मूठभर माती उचलायची, मुठीत दाबायची. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर भसकन फुटला, तर म्हणायचे, "वाफसा आला." बोटांना चिखल चिकटला तर तसेच घरी परत. चिखलात पेरलेलं बी उगवत नाही, कुजतं, हे काळ्या रानातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं.

पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मी गावाकडून तीच काळी माती पोतंभर आणली. कसदार माती, झाडं जोमात येतील असं वाटलं. एका पावसाळ्यात तीन रबर प्लँट गेले. पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा पाणी कमी पडतंय असं समजून मी आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडी उलटी केली तर मुळं काळी, लिबलिबीत झालेली आणि मातीला गटारासारखा वास. माती चांगलीच होती, पण रानासाठी. कुंडीत तिच्यात वाफसा कधी आलाच नाही.

म्हणून नव्याने झाडं लावणाऱ्या प्रत्येकाला मी खत, औषध, टॉनिक यांच्या आधी हेच सांगते : कुंडीत वाफसा टिकेल अशी माती करा. बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

मुळं श्वास घेतात

वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे अशी अवस्था. मुळांना दोन्ही लागतं. पाणी शोषायलाही मुळांना ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा मिळवायला प्राणवायू लागतो. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. त्यामुळे सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. गुदमरलेली मुळं पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून ओल्याचिंब मातीतही झाड मान टाकतं. माझी फसगत इथेच झाली होती. अशा अर्धमेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगकारक जीव हल्ला करतात आणि मग मूळकूज झपाट्याने पसरते.

रानात जास्तीचं पाणी खाली खोल मुरत जातं. कुंडीला तळ असतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

दहा मिनिटांचा एक प्रयोग

भांडी घासायचा जाड, आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज न दाबता उभा करा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली.

कुंडीतली माती अशीच वागते. भोकातून पाणी गळायचं थांबलं तरी तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो, कारण मातीचे बारीक कण ते पाणी धरून ठेवतात. हा थर किती जाड, ते मातीच्या पोतावर ठरतं. बारीक, चिकट मातीत तो चार-पाच इंचही भरतो. जाडसर, भुसभुशीत मिश्रणात जेमतेम इंचभर. म्हणजे सहा इंच उंचीच्या पसरट कुंडीत चिकट माती भरली तर जवळजवळ सगळी मुळं चिखलात.

आता एक गैरसमज. तळाशी खडी किंवा फुटक्या विटांचा थर दिला की निचरा सुधारतो, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. माझी आईही सांगायची. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. ते मातीच्याच तळाशी, खडीच्या वर अडून राहतं. चिंब थर नाहीसा होत नाही, उलट खडीच्या जाडीइतका वर सरकतो आणि मुळांना कोरडी जागा तेवढी कमी उरते. तीच खडी मातीत कालवली तर मात्र खरोखर उपयोगी पडते. भोकावर मच्छरजाळीचा तुकडा किंवा एखादं खापर पालथं ठेवलं की माती वाहून जात नाही. तळाशी एवढंच पुरतं.

पायरी १ : हातातली माती ओळखा

आजोबांचीच चाचणी करा. माती ओली करून लाडू वळा, मग तळहातांत घोळून पेन्सिलीएवढी वळी करा. वळी न तुटता लांब होत गेली आणि वाकवली तरी फुटली नाही, तर मातीत चिकणमाती भरपूर आहे. लाडूसुद्धा धड होत नसेल तर वाळू जास्त. लाडू होतो पण वळी तुटते, ही मधली अवस्था म्हणजे पोयटा. कुंडीसाठी माती वापरायची असेल तर ही.

अजून खात्री हवी असेल तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घालून जोरात हलवा आणि बरणी हलवायची नाही अशा जागी ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला तास-दोन तास लागतात, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पाहिली की माती काय आहे ते डोळ्यांना दिसतं.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली आपली काळी माती पाणी मिळालं की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. कुंडीत वाळल्यावर ती कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, गोळा आतून कोरडाच. ओली असताना चिखल, वाळल्यावर दगड. कापसाला ती सोन्यासारखी आहे, मनीप्लँटला नाही. कोकणातली जांभ्याची लाल माती तुलनेने बरी, कारण ती तेवढी फुगत-आकसत नाही. पण तीही नुसती भरली तर पाण्याने दबून घट्ट बसते.

पायरी २ : सामान जमवा

कुंडीतल्या मिश्रणाला तीन कामं करायची असतात : ओल धरायची, हवा खेळती ठेवायची आणि थोडं पोषण द्यायचं. सामान त्या हिशेबाने घ्या.

ओल धरायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. विटेसारखी दाबलेली लादी मिळते. बादलीत पाणी घालून फुलवायची. काही लाद्यांमध्ये क्षार बरेच असतात, म्हणून फुलल्यावर जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून दोन-तीन पाण्यांतून काढा आणि पिळून घ्या. कोकोपीटचा एक स्वभाव लक्षात ठेवा : वरून फिकट, कोरडं दिसतं तेव्हाही आत ओल असते. नवशिके इथे हमखास फसतात आणि वर पाणी ओततात. उलट कुंडी पूर्ण वाळली तर वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून खालून पाणी पिऊ द्यायचं.

हवेसाठी पर्याय भरपूर आहेत आणि महागडा परलाइटच (तापवून फुलवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) हवा असं अजिबात नाही. परलाइट हलका आणि चांगला, पण त्याची धूळ नाकात जाते. पिशवीतच थोडं पाणी शिंपडून ओला करून घ्या. मला स्वतःला भाजलेल्या लाल विटांचे तुकडे सगळ्यात आवडतात. वीट फोडा, वाटाण्याएवढे तुकडे ठेवा आणि भुगा चाळून टाका. तो भुगा मिश्रणात गेला तर पोकळ्या बुजवतो आणि सगळी मेहनत वाया. करड्या रंगाच्या सिमेंटच्या किंवा फ्लाय ॲशच्या विटा घेऊ नका. राइस मिलजवळ राहत असाल तर भाताचं तूस जवळपास फुकट मिळतं. ते माती मोकळी ठेवतं, मात्र वर्ष-दीड वर्षात कुजून बसतं. लाकडी कोळशाचे बारीक तुकडे इस्त्रीवाल्याकडे मिळतात. कोकणात नारळाची सोडणं असतात. त्यांचे अर्ध्या इंचाचे तुकडे करून रात्रभर भिजवून धुतले की मॉन्स्टेरासारख्या झाडांना त्याहून चांगलं काही नाही.

वाळूबद्दल सावध राहा. बारीक वाळू चिकट मातीत मिसळली तर निचरा वाढत नाही, गिलाव्यासारखा घट्ट गोळा होतो. वाळू घ्यायची तर ज्वारीच्या दाण्याएवढी जाड, चाळलेली आणि धुतलेली. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, दगडाची भुकटी खूप असते, तीही धुवावी लागते. समुद्राची वाळू खारट, ती नकोच.

पोषणाला गांडूळखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं पूर्ण मुरलेलं खत. शेणखत घ्यायचं तर निदान वर्षभर जुनं, हातात घेतल्यावर शेणाचा नव्हे, मातीचा वास येणारं. कच्चं शेण कुंडीत तापतं आणि मुळं जाळतं. "खत जास्त तर झाड जास्त" हा हिशेब इथे चालत नाही : गांडूळखत बारीक असतं, निम्मी कुंडी त्यानेच भरली तर तीही चिखलासारखी बसते. शेवटी थोडी निंबोळी पेंड.

पायरी ३ : मिश्रण करा

मोजायला घरातला कुठलाही एक मग ठरवा. वजन नाही, माप.

मनीप्लँट, सिंगोनियम, रबर प्लँट, अरेका पाम अशा रोजच्या झाडांना : पोयटा किंवा लाल माती २ मग, कोकोपीट २ मग, विटांचे तुकडे किंवा परलाइट २ मग, गांडूळखत १ मग, निंबोळी पेंड अर्धी मूठ. मातीचं प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका.

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम ही मंडळी मुळात झाडांच्या बुंध्यांवर आणि पालापाचोळ्यात वाढणारी. त्यांना माती द्यायचीच नाही : सोडणाचे तुकडे २ मग, कोकोपीट २ मग, विटा किंवा परलाइट २ मग, गांडूळखत १ मग, कोळसा अर्धा मग.

कोरफड, जेड, अडेनियम यांना निम्म्याहून जास्त जाड सामान : माती १, कोकोपीट अर्धा, गांडूळखत अर्धा आणि विटा-जाड वाळू मिळून ३. स्नेक प्लँट आणि झेडझेड यांनाही हेच चालतं. झेडझेडच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात आणि त्यात पाण्याचा साठा असतो. त्याला ओली माती दिली की आधी कंद सडतात. पीस लिली आणि नेचे यांना मात्र पहिल्याच मिश्रणात कोकोपीट एक मग वाढवा.

तुम्ही नागपूर-अकोल्याकडे असाल, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तर कोकोपीट थोडं वाढवा आणि विटा थोड्या कमी करा. मुंबई-कोकणात पावसाळ्यातले चार महिने हवाच ओली असते, कुंडी वाळता वाळत नाही; तिथे विटा वाढवा. कुठलीही कृती आपल्या खिडकीच्या हवेप्रमाणे बदलावीच लागते.

पायरी ४ : हवा मोजून बघा

हे बहुतेक जण करत नाहीत, पण एकदा केलंत तर आयुष्यभर अंदाज येतो. जी कुंडी वापरणार तिची भोकं चिकटपट्टीने बंद करा आणि काठोकाठ पाणी भरून किती मावतं ते मोजा. समजा १ लिटर. पाणी ओतून टाका, कुंडी पुसा, किंचित ओलसर मिश्रण भरा आणि दोन-तीनदा जमिनीवर आपटून बसवा. आता वरून हळूहळू पाणी घालत राहा, पृष्ठभाग चकाकेपर्यंत. अर्धा तास थांबा, पातळी खाली गेली असेल तर पुन्हा भरा. मग कुंडी परातीवर धरून चिकटपट्टी काढा आणि पाणी पूर्ण गळू द्या.

परातीत जेवढं पाणी आलं तेवढी जागा आता हवेने घेतली. १ लिटरच्या कुंडीतून २०० मिली पाणी निघालं म्हणजे २० टक्के हवा. साध्या घरातल्या झाडांना १५ ते २५ टक्के छान. कोरफड किंवा मॉन्स्टेराला त्याहून जास्त असलेलं बरं. १० टक्क्यांच्या आत आलं तर त्या मिश्रणात झाड लावू नका. आणखी विटा घाला आणि पुन्हा मोजा. माझी ती काळी माती मी पुढे एकदा अशी मोजली. लिटरभर मातीतून चहाच्या कपाइतकंही पाणी आलं नाही.

पायरी ५ : कुंडी

भोक नसलेली कुंडी झाडासाठी नाही. सुंदर सिरॅमिकची असेल तर झाड भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा आणि ती आत ठेवा. पाणी घालताना बाहेर काढा, निथळली की परत.

मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडतं, त्यामुळे ती लवकर वाळते. हात सैल सोडून पाणी घालणाऱ्यांसाठी ती सोयीची. प्लॅस्टिकमध्ये ओल टिकते, म्हणून मिश्रण अधिक मोकळं हवं. आकार मुळांच्या गोळ्यापेक्षा दीड-दोन इंच मोठा, त्याहून जास्त नाही. लहान झाडाला ऐसपैस कुंडी दिली तर ज्या मातीत मुळंच नाहीत ती दिवसेंदिवस ओली राहते आणि आंबते.

कुंडी फरशीवर सपाट टेकली की भोक बंद होतं. खाली विटेचे किंवा फरशीचे तीन तुकडे ठेवा. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. त्याने मुळंही वाचतात आणि डासही होत नाहीत.

पायरी ६ : झाड बदलणं

रोपवाटिकेतून आणलेलं झाड बहुधा काळ्या पिशवीत, लालसर चिकट गोळ्यात असतं. प्रवासात गोळा फुटू नये म्हणून अशी माती वापरतात, त्यात त्यांची चूक नाही. पण तो गोळा जसाच्या तसा नव्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर दोन माती दोन तऱ्हेने वागतात : बाहेरची वाळते, आतली चिखल राहते, किंवा आतला गोळा दगड होतो आणि पाणी बाजूने निघून जातं. म्हणून आणल्यावर आठ-दहा दिवस घराच्या हवेला रुळू द्या. मग गोळा पाण्याच्या बादलीत तासभर भिजवा आणि बोटांनी हलकेच चिकट माती सोडवा. निम्मी निघाली तरी पुरे. केसांसारखी बारीक मुळं तुटेस्तोवर धुऊ नका.

कुंडीत थोडं मिश्रण, त्यावर झाड, बाजूने मिश्रण. दाबू नका. अंगठ्याने दाबून माती घट्ट करायची सवय आपल्या हातांना असते, पण पायरी ३ आणि ४ मध्ये मिळवलेली हवा त्या एका दाबात निघून जाते. कुंडी दोन-तीनदा आपटली की पुरेशी बसते. खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा आणि वर दोन बोटं जागा सोडा. भोकातून वाहेपर्यंत पाणी घाला, आठवडाभर उन्हापासून लांब ठेवा आणि महिनाभर खत देऊ नका.

महाराष्ट्रात याला उत्तम काळ म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. फेब्रुवारी-मार्चही चालतो. मेच्या काहिलीत आणि डिसेंबरच्या थंडीत अडल्याशिवाय मुळांना हात लावू नये.

पायरी ७ : पाणी

"आठवड्यातून किती वेळा?" या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, कुंडीत आहे. बोट दोन पेरं आत घाला. किंवा लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा : काळपट, ओली आली तर थांबा. पाणी घातल्यावर लगेच कुंडी उचलून पाहा आणि कोरडी झाल्यावर पुन्हा उचला. तो वजनातला फरक महिनाभरात हाताला पाठ होतो. घालाल तेव्हा भरपूर घाला, खालून वाहेपर्यंत. रोज अर्धा पेला घालण्याने वरचा थर कायम ओला आणि खालची मुळं कधी तहानलेली, कधी कुजलेली अशी अवस्था होते.

मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागली तर वरचा थर सतत ओला आहे असं समजा. त्यांच्या अळ्या त्या ओलीतच वाढतात. वरची दोन इंच माती वाळू दिली की संख्या उतरते. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कुंडीच्या काठावर जमला तर दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. निचरा चांगला असेल तरच हे करता येतं.

झाड मान टाकत असेल तर

माती ओली आणि पानं लोंबलेली, हे दोन्ही एकत्र दिसलं तर पाणी थांबवा आणि त्याच दिवशी झाड बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट, कडक मुळं जिवंत. तपकिरी, दाबल्यावर साल सुटून येणारी मुळं गेली. ती स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा आणि प्रत्येक झाडामागे कात्री स्पिरिटने पुसा. मुळं निम्मी गेली असतील तर पानंही तेवढी कमी करा. नवं मिश्रण, आधीपेक्षा लहान कुंडी, सावली. त्या जुन्या मातीत दुसरं झाड लावू नका. खोडाचा बुंधाच मऊ झाला असेल तर वरचे निरोगी शेंडे कापून पाण्यात ठेवा. मनीप्लँट आणि सिंगोनियम असे हमखास वाचतात.

जुनी माती

दीड-दोन वर्षांत कोकोपीट आणि तूस कुजून बारीक होतं, कुंडीतली पातळी खाली बसते आणि पाणी मुरायला वेळ लागायला लागतो. तेव्हा माती बदला, पण टाकू नका. निरोगी झाडाची असेल तर एप्रिल-मेमध्ये ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे गच्चीवरच्या कडक उन्हात पसरून ठेवा. मग जाड चाळणीतून चाळा. वर राहिलेले विटांचे तुकडे धुऊन पुन्हा वापरा. ते वर्षानुवर्षं टिकतात. खाली पडलेली बारीक माती पायरी ३ मधल्या मातीच्या जागी चालते. माझ्या गॅलरीतल्या तीन कुंड्यांत गावाकडची ती काळी मातीही आज अशीच आहे, सहा मगांच्या मिश्रणात फक्त अर्धा मग, आणि त्यातला रबर प्लँट छताला टेकला आहे.